बेटेगावचा समुद्र

हर्षित तेजलला पहिल्यांदा दिसला तो थेट चोरी करताना. तीही माईकवर.

बोईसरच्या त्या कॉलेजात कॉपीराइट सप्ताह चालू होता. भिंतीभर 'दुसऱ्याचं लिखाण चोरू नका' अशी पोस्टर्स. त्यांवरची चित्रं अर्थातच नेटवरून उचललेली. त्यातच 'माझं गाव, माझ्या शब्दांत' ही स्पर्धा. वेळ संपली की घंटा वाजवायची, एवढंच तेजलचं काम.

"भरतीचं पाणी आधी पावलांना विचारतं... येऊ का?" उंच, सावळा पोरगा वाचत होता. आवाज असा, की पहिल्या रांगेतल्या मुलींनी मोबाइल खाली ठेवले.

तेजल घंटाच विसरली. हे वाक्य तिचं होतं! चिंचणीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांच्या सावलीत बसून तिनं ते 'खारं पाणी' या आपल्या निनावी ब्लॉगवर लिहिलं होतं. पुढचंही सगळं तिचंच. पोरानं मेहनत एवढीच घेतली होती, की जिथं 'चिंचणी' होतं तिथं आपलं 'बेटेगाव' घातलं होतं. आणि बेटेगावात पाणी साचतं; भरती येत नाही.

"अरे, बेटेगावला समुद्र कवा आला?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

परीक्षक पुंडलिक सर किनाऱ्यावरच्या दातिवऱ्याचे, म्हणजे समुद्राच्या बाबतीत अधिकारी माणूस. ते गंभीरपणे उठले. "गावात नसलेला समुद्र यानं उभा केला. याला म्हणतात कल्पनाशक्ती! पहिलं बक्षीस. वार्षिक अंकात याच्या नावानं छापू."

टाळ्या पडल्या. तेजलला वाटलं, कुणीतरी आपल्याच घरात शिरून आपल्यालाच चहा विचारतंय.

तिनं त्याला व्हरांड्यात गाठलं. पावसाची झड आत येत होती, त्याचा अर्धा शर्ट भिजला होता... आणि पोरगा जवळून आणखीच बरा दिसत होता. तिला स्वतःचाच राग आला.

"समुद्र कुठून आणलास?"

"नेटवरून," तो म्हणाला.

इतका सरळ चोर तिनं पाहिला नव्हता. "मालकाला विचारलंस?"

"नावच नाय तिथं. मला वाटलं, मालक नाय."

"रस्त्यावरच्या म्हशीच्या गळ्यात नाव नसतं. सोडून नेशील?"

तो हसला. मग तिच्या डोळ्यांकडं बघून थांबला. "तू... एवढी का चिडतेस?"

"म्हैस माझी हाय."

हर्षितचा चेहरा पार उतरला. "खारं पाणी... तू?" तो पुटपुटला. "मधी लिहायचं बंद केलं व्हतंस. मी रोज उघडून बघायचो. वाटलं, आजारी पडली का काय..."

आता धक्का बसायची पाळी तेजलची होती. ब्लॉगला रोज एक वाचक दिसायचा. तो आपणच, असं ती धरून चालली होती.

"वाचलंस ते ठीक—" तिचा आवाज बारीक झाला. "पण अंकात ते तुझ्या नावानं छापून आलं, तर माझं काय राहिलं?"

तो तडक स्टाफरूमकडं वळला. ती मागोमाग.

"सर, लिहिलंय हिनं. मी चोरलं."

सरांना चोरीपेक्षा कबुलीचा धक्का मोठा बसला. अशी सवय कॉलेजला नव्हती. बक्षीस गेलं, वर्षभर स्पर्धा बंद, वर सूचनाफलकावर नाव. अंकातल्या लेखाखाली मात्र तेजलचं नाव चढलं.

"आता बोलशील माझ्याशी?" बाहेर येऊन त्यानं विचारलं.

"स्वतःचं काय लिवलंस, तर बघू." तिनं आपला नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला.

'कंपनीचा भोंगा झाला की आई तांदूळ धुवायला घेते. काल भोंगा झाला आणि मला तू आठवलीस. दोन्हीचा संबंध काय, ते अजून लिहिता येत नाय.'

तेजलनं तो पुन्हा पुन्हा वाचला. शुद्धलेखनाची एक चूक दिसली. तिनं ती तशीच राहू दिली.

'हे ब्लॉगवर घेऊ?' तिनं विचारलं. 'तुझं नाव टाकून?'

बराच वेळ नुसतंच 'टायपिंग...' दिसत राहिलं.

'दोघांचं टाक.'