जाईवरचा आळ

"डॉक्टर, लगेच या. बाबांच्या वेलीने कुत्र्याचा जीव घेतला!"

फोन घड्याळजींच्या मुलाचा होता. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई पोहोचल्या तेव्हा मास्तर, म्हणजे चौदा वर्षांचा तो कुत्रा, जाईच्या मांडवाखाली निपचित पडला होता. त्याच्या बाजूला म्हातारे घड्याळजी मातीतच फतकल मारून बसले होते. वेल त्यांच्या दिवंगत बायकोने लावलेली. कुत्राही तिनेच आणलेला.

"मी कालच सांगितलं, ही वेल विषारी आहे," मुलगा म्हणाला. "मोबाइलवर स्पष्ट लिहिलंय. आता तरी उपटा."

बायकोच्या वेलीने बायकोचा कुत्रा मारला, हे घड्याळजींच्या गळी उतरत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कुत्र्याचं तोंड उघडलं. आत बारीक फाडलेली जाईची पानं. बाजूला ओकारी, तिच्यात निळे दाणे. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चेहरा त्यांनी कोराच ठेवला.

"बागेत गोगलगाई मारायचं ते निळं औषध टाकता?"

"छे! मास्तर सगळीकडे तोंड घालतो ना," घड्याळजी म्हणाले. खरंच होतं. खालच्या पानांची गोगलगाईंनी पार चाळण केली होती.

कुंपणापलीकडे शेजारीण उभी होती. भुंकण्यावरून रोज कडाकडा भांडणारी.

"तुम्ही आज याला काही खायला घातलंत?" डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं.

"भांडण माझं घड्याळजींशी, मुक्या जिवाशी नाही! रोज दुधात पाव कुस्करून देते. दुसरं काय खाता येतंय बिचाऱ्याला? आज आले, तर हे चिरंजीव म्हणाले, मी खायला घातलंय."

डॉक्टरीणबाई मुलाकडे वळल्या. "तुम्ही कधी आलात?"

"काल. तीन वर्षांनी. माझी लांब बदली झालीये. बाबांसाठी वृद्धाश्रमात जागा बघितलीय."

"तिथे कुत्रा चालतो?"

मुलगा घुटमळला. "नाही."

"मग ऐका. जाई कुत्र्यांना बाधत नाही. तुम्ही वाचलंत ती नावाने जाईसारखी, पण पिवळ्या फुलांची वेगळीच वेल. मास्तर गेला तो गोगलगाईंच्या औषधाने. कोणीतरी ते खाण्यात कालवलं आणि आळ वेलीवर यावा म्हणून पानं चावल्यासारखी फाडून त्याच्या तोंडात कोंबली. पण दोन वर्षं झाली, मास्तरच्या तोंडात एकही दात नाही. बाबांना ते माहीत. शेजारणीला माहीत. इथे माहीत नसलेला माणूस एकच आहे."

मुलाचा चेहरा खर्रकन उतरला. "बाबा, त्याच्यापायी तुम्ही जागचे हलत नव्हता. तुमच्या भल्यासाठीच..."

घड्याळजी गुडघ्यांवर हात टेकून कसेबसे उठले. कुत्रा गेला होता, आणि त्यांच्या लेखी मुलगाही.

"येतो मी वृद्धाश्रमात. आता इथे कोणासाठी राहू?" ते म्हणाले. "तिथे भेटायला कधी येऊ देतात?"

"रविवारी," मुलगा घाईघाईने म्हणाला. "इतर दिवशी कोणालाच आत सोडत नाहीत."

"बरं झालं. मग रविवारी तेवढा येऊ नकोस."