शेवटच्या गाडीची काठी

प्रफुल त्या रविवारी सेलूला गेला तो एका सहीसाठी. एवढंच काम. संध्याकाळी सातला वर्ध्याजवळच्या नालवाडीतून निघताना बायकोला म्हणाला, "जेवाले थांबजो, दहापर्यंत येतो." तारीख एकवीस डिसेंबर, मागच्या वर्षीची. अमावस्या होऊन दोन दिवस झालेले आणि थंडी अशी, की कुत्रीसुद्धा चुलीच्या राखेत घुसून बसलेली. विवेक, ती बॅटरी बंद कर बाबा, डोळ्यांवर येते. आणि ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्या.

प्रफुल माझ्या ओळखीचा. मी एसटी चालवायचो तेव्हा त्या रस्त्याचं चौपदरीकरण चाललं होतं आणि हा ठेकेदाराचा सुपरवायझर होता. ठेकेदाराचं नाव विचारू नका, मी सांगणार नाही. प्रफुल गळ्यात माळ घालायचा, दारूला कधी शिवला नाही, कामालाही वाघ. पण एकदा डोक्यावर पिवळी टोपी चढली की रस्ता आपल्या बापाचाच आहे असं त्याला वाटायचं.

सेलूच्या अलीकडे एका नाल्यावर पूल बांधत होते. तिथे अर्धा किलोमीटर एकच पट्टा उघडा आणि मधोमध वळण. या टोकाचं त्या टोकाला दिसत नसे, मोबाइलला रेंज नसे. म्हणून रस्तेवाल्यांची जुनी रीत. दोन टोकांना दोन झेंडीवाले आणि दोघांत मिळून एक काठी. हातभर बांबू, टोकाला लाल फडकं. या बाजूच्या पंधरा-वीस गाड्या सोडायच्या आणि शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात ती काठी द्यायची. त्याने ती पलीकडच्या झेंडीवाल्याला नेऊन द्यायची. काठी पोचली म्हणजे रस्ता रिकामा, मगच तिकडच्या गाड्या सुटणार. मी स्वतः ती शंभरदा नेली असेल.

वर्ध्याकडच्या टोकाला प्रेमदास असायचा, सेलूकडच्या टोकाला गोपाल. प्रेमदास पन्नाशीचा, रोज सकाळी विहारात पंचशील म्हणून मगच कामावर येणारा. नशापाणी करणार नाही हे त्यातलं पाचवं शील, आणि ते त्याने जन्मभर पाळलं. मजूर त्याची थट्टा करायचे, तो हसून सोडून द्यायचा.

एका संध्याकाळी त्याने शेवटच्या ट्रकबरोबर काठी पाठवली आणि झेंडी आडवी धरली. मागून प्रफुलची जीप आली.

"काठी गेली, साहेब. आता तिकडून गाड्या येतीन."

"मले शिकवतं का? साइट माही हाय."

झेंडी बाजूला सारून जीप आत शिरली. तिकडे गोपालच्या हातात काठी पडली होती. त्याने गिट्टीचा टिप्पर सोडला. आता काय होणार हे प्रेमदासला कळलं. तो शिट्टी फुंकत जीपच्या मागे धावत सुटला. वळणावर टिप्परवाल्याने कशीबशी जीप वाचवली. तिच्या मागून धावत येणारा माणूस त्याला दिसला नाही.

प्रफुल खाली उतरला. प्रेमदास गेलेला होता. मग या माळकऱ्याने काय केलं ठाऊक आहे? मजुरांकडून हिसकावलेली देशीची बाटली जीपमध्ये पडली होती. ती त्याने प्रेमदासच्या तोंडात आणि अंगावर ओतली. रिकामी त्याच्या खिशात सारली. झेंडीवाला पिऊन होता, त्यानेच जीप सोडली, असा जबाब लिहून दिला. हे सांगताना आजही माझं डोकं भणभणतं. धावत आलेल्या गोपालने ते सगळं पाहिलं आणि पोटासाठी तोंड शिवून घेतलं.

प्रेमदासच्या चितेवर गोपालने ती काठी ठेवली. ती फडक्यासकट जळताना मी या डोळ्यांनी पाहिली. प्रफुलही आला होता, लोकलाजेस्तव. प्रेमदासची बायको सीताबाई रडत नव्हती. सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"जिता होता तवा त्यानं थेंब तोंडाले लावला नाई. मेल्यावर तुमी पाजली. याच रस्त्यानं येनं-जानं हाय तुमचं, साहेब."

बाई तेवढ्यावर थांबली नाही. दोन वर्षं अर्ज करत राहिली. नवऱ्याच्या नावावरचा दारुड्या हा शब्द पुसा, एवढंच मागणं. शेवटी चौकशी लागली, सोमवार सकाळी अकराची. आणि आदल्या रात्री प्रफुल सेलूला पोचला तो गोपालची सही घ्यायला. प्रेमदासच्या तोंडाला दारूचा वास येत होता, असं त्या कागदावर टाइप करून आणलेलं.

गोपाल लग्नाला गेला होता, साडेदहाला परतला. त्याच्या बायकोने चहा ठेवला. गोपालने कागद शेवटपर्यंत वाचला.

"प्रफुलभाऊ, तो मानूस तुमाले वाचवाले धावला होता."

"मले मालूम हाय. सही कर."

गोपालने सही केली. प्रफुलने कागद खिशात घातला, चहा संपवला आणि गाडी काढली. तेव्हा अकरा वीस झाले होते. चहाशिवाय त्या घरात त्याने काही घेतलं नाही, हे ध्यानात ठेवा.

रस्ता आता चौपदरी. मधे दुभाजक, काचेसारखं डांबर. प्रफुलने स्वतः केलेला रस्ता. पूल जवळ आला तसा समोर लाल दिवा हलताना दिसला. त्याने गाडी हळू केली. कानटोपी घातलेला एक माणूस झेंडी आडवी धरून उभा होता. दुरुस्ती निघाली असेल, असं प्रफुलला वाटलं. तो थांबला.

पाच मिनिटं झाली. समोरून एकही गाडी आली नाही. मागेही कोणी नाही.

"अबे, काऊन थांबवून ठेवलं? रस्ता तं खाली हाय."

माणसाने झेंडी खाली केली. सावकाश खिडकीपाशी आला. हात आत घातला. हातात काठी होती.

"तुमची गाडी आखरी हाय. सामने देजा."

आणि प्रफुलने ती घेतली. दुसरा कोणी असता तर विचारलं असतं, ही कसली काठी? पण याची हयात रस्त्यावर गेली. काठी पुढे आली की घ्यायची, हे हाताला ठाऊक. गियर टाकला. वीस पावलं गेला. आणि मग त्याला आठवलं... असली काठी आता कोणी वापरत नाही.

आरशात पाहिलं. दिवा नव्हता. माणूस नव्हता.

समोर पाहिलं. दुभाजक नव्हता. दोन्ही बाजूंना डांबराची रिकामी पिंपं. एकच पट्टा. कच्चा. गिट्टीचा.

तो चालवत राहिला. वळण आलं. पुन्हा तेच वळण. पुन्हा तेच. पलीकडचं टोक येईना. काठी द्यायची कुणाला? खिडकीतून ती फेकायला गेला. बोटं उघडेनात.

मग वास आला. देशीचा. आधी सीटमधून... मग शर्टातून... मग स्वतःच्या तोंडातून.

मागे शिट्टी वाजली. कोणीतरी धावत येत होतं. गाडीच्या मागे. गिट्टीवर पावलं. जवळ. आणखी जवळ...

शिट्टी थांबली.

समोरून वळणावर दोन दिवे आले.

पहाटे दूधवाल्याला गाडी दिसली, पुलाच्या कठड्यात घुसलेली. नव्या, चौपदरी, मोकळ्या रस्त्यावर. दुसऱ्या गाडीचा मागमूस नाही. प्रफुल जगला. उजवा पाय गुडघ्यापासून गेला. पंचनाम्यात लिहिलं, चालक दारूच्या नशेत. कपड्यांनाच नाही, श्वासालाही भपकारा होता. सकाळी मी दवाखान्यात गेलो तेव्हा हे सगळं त्याने मला सांगितलं आणि लहान पोरासारखा रडला. "थेंब नाई घेतला हो मी, माळेची आन." त्याची बायको खिडकीबाहेर बघत राहिली. मला दया आली नाही. खोटं कशाला बोलू?

त्याच्या उजव्या मुठीत काठी होती. नर्सने, दोन वॉर्डबॉयनी जोर लावला, मूठ सुटेना.

साडेनऊला गोपाल आला. दारातच थबकला. काठी पाहिली. त्याला काय वाटलं कोण जाणे, कॉटपाशी जाऊन त्याने हात पुढे केला, पुलावर करायचा तसा.

मूठ आपोआप उघडली.

गोपाल काठी घेऊन बाहेर पडला आणि अकरा वाजता चौकशीसमोर उभा राहिला. पाहिलेलं सगळं सांगितलं, कालची सही जबरदस्तीची होती हेही सांगितलं. सीताबाई समोरच बसली होती. प्रेमदासच्या नावापुढचा तो शब्द त्याच महिन्यात पुसला गेला.

पण दवाखान्याच्या जिन्यात गोपालने ती काठी एक क्षण माझ्या हातात दिली होती. तोच बांबू, तेच लाल फडकं, जे मी जळताना पाहिलं होतं. डिसेंबरातली सकाळ, हात गारठलेले.

काठी गरम होती.