घोटा, रुमाल आणि श्यामसुंदरशेठ

श्यामसुंदरशेठना 'नाही' म्हणता येत नाही, ही मुक्ताबाईंची जुनी तक्रार. कोणीही यावं, त्यांच्या खुर्चीत बसावं, आणि हे खुशाल उभे. डॉक्टरांनी साखर बंद केलेली, तरी समोर कोणी गोड चहा ठेवला की गुपचूप पितील. पण त्या मंगळवारी हद्द झाली. मार्केट यार्डात समोरून मालाची हातगाडी आली. 'थांब रे' एवढंच म्हणायचं होतं. ते सोडून शेठ मागे सरकले, अजून मागे सरकले... आणि गाळ्याच्या ओट्यावरून खाली. घोटा मोडला. आणि वर, पडल्यापडल्या हातगाडीवाल्यालाच विचारतात, तुला कुठं लागलं नाही ना?

मुक्ताबाईंचा लिंबांचा गाळा अगदी समोर. त्यांनीच टेम्पो थांबवला, शेठना आत घातलं आणि सदाशिव पेठेतल्या हाडांच्या दवाखान्यात आणलं. वाटभर त्या बोलत होत्या, शेठ ऐकत होते. बारा वर्षं हे असंच चाललं होतं.

बारा वर्षांपूर्वी नवरा गेला आणि चौथी शिकलेल्या मुक्ताबाई पदर खोचून गाळ्यावर येऊन बसल्या. तेव्हा फळबाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं धरत. जितकी बोटं तितका भाव, आणि पंजा दाबला की सौदा पक्का. आता बाईमाणसाचा हात धरायचा कसा? सगळे व्यापारी लांब उभे राहिले आणि लिंबं उन्हात सुकू लागली. तेवढ्यात समोरचा मोसंबीवाला आला, म्हणजे हेच शेठ. मान खाली, कान लाल. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला. आणि काय सांगावं — कोणाला नाही न म्हणणारा हा मऊ माणूस रुमालाखाली वाघ निघाला. तोंडाला जे जमत नव्हतं, ते बोटांना बरोबर जमत होतं. दोनदा त्यानं मुक्ताबाईंचा भाव झटकला, तिसऱ्यांदा पंजा दाबला. दाबला तो जरा जास्तच वेळ...

"मोसंबीवाल्याला लिंबं कशाला हवी होती हो?" पुढं कधीतरी मुक्ताबाईंनी विचारलं होतं.

"सरबताला."

"पंधरा पोती?"

"तहान मोठी होती," शेठ म्हणाले होते, आणि लगेच गिऱ्हाईक नसताना गिऱ्हाइकाकडे निघून गेले होते.

त्यापुढं गाडी सरकली नाही. रोज सकाळी इकडून लिंबाचं लोणचं जाई, तिकडून सोललेली मोसंबी येई. शेठची बायको आधीच गेलेली, पण दोघांची घरं भरलेली, मुलं मोठी. आणि बोलायचं कोणी?

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली होती, सांधा थोडा सरकला होता. ते म्हणाले, रस्ते दोन आहेत. ऑपरेशन करून धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले तर सांधा जागेवर बसेल, पाय लवकर हलवता येईल. पण साखर आहे, जखम भरायला वेळ लागू शकतो. नाहीतर हातानं हाड बसवून प्लास्टर घालू. चाकू लागणार नाही, पण हाड पुन्हा सरकलं तर पाय वाकडा जुळेल. निर्णय सकाळपर्यंत सांगा.

शेठचा मुलगा आनंद कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. कमरेला मोबाइल, आणि पुढच्या महिन्यात बंगळूरला बदली. त्यानं तिथंच ठरवून टाकलं. प्लास्टर घालायचं, गाळा भाड्यानं द्यायचा आणि बाबांनी त्याच्याबरोबर बंगळूरला यायचं. मुक्ताबाई काही बोलायला गेल्या, तर तो नम्रपणे म्हणाला, "मावशी, हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

मुक्ताबाईंना ते सुरीसारखं लागलं. पण पोराचा आवाज कापत होता. त्याची आई अशीच ऑपरेशनला आत गेली होती आणि परत आली नव्हती. त्याला काय बोलणार? आणि खरंच, त्या होत्या तरी कोण? समोरच्या गाळ्यावरची बाई. बंगळूरला गेलेला माणूस परत मोसंबी विकायला येत नाही, एवढं मात्र त्यांना न शिकताही कळत होतं.

शेठ छताकडे बघत म्हणाले, "तू म्हणशील तसं, आनंद."

मुक्ताबाई उठल्या. उशाजवळचा टॉवेल घेतला, शेठच्या हातावर टाकला आणि त्याखाली आपला हात घातला. आनंद बघतच राहिला.

"एक बोट प्लास्टरचं," त्या हळू म्हणाल्या. "दोन ऑपरेशनची. आता बोला."

त्यांनी एक बोट पुढं केलं. शेठनी ते झटकलं. पुन्हा केलं, पुन्हा झटकलं. मग दोन बोटं केली आणि... शेठनी ती धरली. इतकी घट्ट, की मुक्ताबाईंच्या बांगड्या टॉवेलखाली किणकिणल्या. मग बोटं सोडून त्यांनी सगळा पंजाच धरला. हा भाव तर कोणी विचारलाच नव्हता.

"काय म्हणाले बाबा?" आनंदनं विचारलं.

"मी नाही सांगणार," मुक्ताबाई म्हणाल्या. हात मात्र काढून घेतला नाही. "घरातला प्रश्न आहे ना? तेच सांगतील. मोठ्यानं."

शेठनी मान मुलाकडे वळवली. "नाही, आनंद." एवढ्यावरच त्यांना धाप लागली. "प्लास्टर नको. तुझ्या आईचं दुखणं वेगळं होतं बाळा, हा नुसता घोटा आहे. साखर मी सांभाळीन. मला सरळ पायानं बाजारात जायचंय. आणि बंगळूरला... मी येत नाही."

आनंदनं बाबांच्या पायावरची चादर नीट केली. मग डोळे पुसत डॉक्टरांना बोलवायला गेला.

ऑपरेशन नीट झालं. जखम भरायला वेळ लागला, तो लागणारच होता. मुक्ताबाईंनी बिनसाखरेचा चहा पाठवला आणि शेठनी तोंड वाकडं करून प्यायला. पुढं एक दिवस डॉक्टरांनी नवा फोटो बघून मान डोलावली, चाला म्हणाले. शेठ काठी टेकत दवाखान्याच्या व्हरांड्यातून निघाले. आनंद मुद्दाम रजा काढून बंगळूरहून आला होता. मुक्ताबाई व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसलेल्या, चेहरा असा की जणू दुसऱ्याच कोणाची वाट बघतायत. शेठ आले, सरळ त्यांच्यापुढं येऊन थांबले. पाऊल सरळ, नजरही सरळ.

"आनंद म्हणत होता, बाबा, एकटे राहू नका," ते म्हणाले. "मी म्हटलं, एकटा राहणारच नाही. लग्न करतोय. समोरच्या गाळ्यावरच्या बाईशी."

"पोराला सांगून मोकळे झालात? मला विचारायच्या आधी?"

"हो," शेठ म्हणाले, आणि या खेपेला मान खाली गेली नाही.

आनंद भिंतीकडे तोंड करून हसत होता. मुक्ताबाई सावकाश उठल्या, पदर सारखा केला, आणि दवाखान्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बारा वर्षं वाटायचं, या माणसाला तोंड नाही. आता दिसतंय, ते नको तिथं आणि उशिरा उघडतं. पण माणूस तुम्ही चांगले आहात शेठ, आणि माझे आहात. लग्न दिवाळीच्या आधी, माझ्या अंगणात. हार उभं राहून घालायचा, आणि काठी तेवढा वेळ आनंदच्या हातात द्यायची."