चार नावाचं शेवाळ

“एक वाजता प्रबंधाचा बचाव,” तूवा लिंडमार्क येरझारा घालत म्हणाली, “आणि माझ्या झाडाला परकी फांदी फुटलीय. परीक्षक मला लबाड म्हणतील. सहा वर्षं पाण्यात.”

खासगी गुप्तहेर गुनवोर हॅगने पडद्याकडे पाहिलं. शेवाळांचा वंशवृक्ष होता. ‘एबाचं शेवाळ’ या जातीशेजारच्या फांदीवर नाव होतं नुसतं ‘४’.

“चार नावाचं शेवाळ असतं?” तिचा मदतनीस सिक्स्टन म्हणाला.

“नसतं. प्रोग्रॅम मजकुरावरून झाड काढतो. जातीचं नाव, फांदीची लांबी, स्वल्पविराम, की पुढची जात. काल माझा सहकारी फर्गस आणि प्राध्यापक टोरवाल्ड दोघंच इथे होते.”

गुनवोरने मजकूर उघडला. ०.३१, ०.०७... सगळीकडे टिंबंच टिंबं. एका ओळीवर ती थबकली.

फर्गस एडिंबराचा. त्याच्या फळ्यावर १.५, २.८ असे आकडे होते. “नोकरी एक, उमेदवार मी आणि तूवा. म्हणजे चोर मीच, नाही का?” तो चिडून म्हणाला.

म्हातारे प्राध्यापक टोरवाल्ड पाकिटावर लिहीत होते: ‘एबाचं शेवाळ, २,५ सेंमी.’

“मी भिंगवाला माणूस. ते प्रोग्रॅम तुमचे तुम्हाला लखलाभ.”

“एबा कोण रे?” गुनवोरने विचारलं. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात प्राध्यापकालाही अरेतुरेच.

“माझी बायको. होती.”

“फर्गसच,” सिक्स्टन बाहेर येऊन म्हणाला. “हातच्या कंकणाला आरसा कशाला?”

साडेबाराला गुनवोरने सगळ्यांना बोलावलं.

“नवी जात कुणी घुसवलीच नाही. एबाची फांदी लांब करायला कुणीतरी ‘शून्य दशांश चार’ टाकलं. पण टिंबाऐवजी स्वल्पविराम दिला, स्वीडनमधल्या शाळेत शिकवतात तसा. प्रोग्रॅमला वाटलं, एबाची लांबी शून्य आणि पुढची जात ‘४’. फर्गस टिंब देतो. तूवाची अख्खी फाइल टिंबांची. स्वल्पविराम मी फक्त एका पाकिटावर पाहिला.”

टोरवाल्डनी मान खाली घातली. “तूवाच्या झाडात एबा वेगळी जात राहत नाही. शेजारच्या जातीत विरघळते. मला तिला जरा दूर ठेवायचं होतं.”

“आणि शून्य करून बसलास,” गुनवोर म्हणाली.

तूवा संतापली होती. तिने तो आकडा खोडून मूळचा ०.०२ टाकला. ‘४’ नाहीसा झाला. एबाच्या नावाला इवलीशी फांदी आली.

“पोटजात म्हणून नाव राहतंय तिचं,” ती म्हणाली. “पान चौऱ्याऐंशी. तू माझा मार्गदर्शक, टोरवाल्ड. तू वाचलंच नाहीस.”

टोरवाल्ड खिशात चष्मा शोधू लागले.