डावऱ्या हाताचे घाव

निपाणीहून बेळगावकडे निघालं आणि हायवे सोडून आत वळलं, की तीन-चार किलोमीटरवर सुबरावचं रान लागतं. सुबराव बेळगावात एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला होता. शनिवार-रविवारी मोटरसायकलवरून रानात यायचा. त्यानं तीन जागी बोअर मारून पाहिली. तिन्हींतून धूळ तेवढी वर आली. मग विहीर काढायचं ठरलं. पण बांधाला लागून गॅसची पाइपलाइन गेलेली, त्यामुळे सुरुंगाला परवानगी मिळेना. विहीर हातानंच खोदायला हवी होती, आणि हातानं काळा खडक फोडणारी माणसं त्या पट्ट्यात आता दोन-चारच उरली होती. त्यांतला एक मष्णू.

मष्णू चोपन्न वर्षांचा होता. अंगानं वाळका, पण मनगटं अजून पहारीसारखी. खडकावर तो आधी पाण्याचा हबका मारायचा आणि बिडी ओढत बसायचा. खडक वाळत आला की एखादी रेघ मागं ओली राहायची. तिथं खडकाला चीर असते. मष्णू त्याच रेघेवर छिन्नी धरायचा.

काठावर यारी होती, म्हणजे दोराला बांधलेली बकेट वर-खाली करायचं डिझेलचं यंत्र. तिच्यापाशी नागोजी. तिशीतला, कामाचा, बोलायला कमी. इंजिनाच्या आवाजात खालची हाक वर पोचत नाही, म्हणून खाणाखुणा ठोक्यांच्या. खालच्यानं घणानं खडकावर दोन ठोके दिले की 'ओढ', तीन दिले की 'थांब'.

वीस फूट मुरूम गेला, मग खडक लागला. बत्तीस फुटांवर तो इतका घट्ट झाला, की दिवसाला चार बोटं काम सरकेना. सुबराव काठावरून वाकून विचारायचा, "मष्णूमामा, पानी हाय न्हवं?"

"हाय. पर दडून बसलंय," मष्णू सांगायचा.

एका मंगळवारी, जेवणानंतर, त्याला पहिल्यांदा ते जाणवलं. घण पडला की जरा मागून दुसरा आवाज यायचा. विहिरीत आवाज घुमतो, त्यात नवल काही नव्हतं. पण घुमणारा आवाज वरून येतो. हा पायाखालून येत होता. मष्णूनं आणखी पाच घाव घातले आणि घण अधांतरी धरून थांबला.

सहावा घाव पायाखाली पडला.

त्यानं गुडघे टेकून तळहात खडकावर ठेवला. खडक गार होता आणि अगदी बारीक थरथरत होता.

वर आल्यावर त्यानं नागोजीला विचारलं, "हितं जवळपास खाण हाय काय रं?"

"क्रशर हाय की पलीकडं. पर म्हैनाभर बंद हाय. का वो आण्णा?"

"काय न्हाय," मष्णू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ओल्या रेघेवर सात पाचरी बसवल्या. अकराच्या सुमारास खडक तडकला आणि दाराच्या फळीएवढी एक शिळा सुटली. पहारीनं तिला उलटी करताना तिच्या खालच्या अंगावर ऊन पडलं, आणि मष्णू पहार धरून तसाच उभा राहिला.

शिळेच्या खालच्या बाजूला छिन्नीचे घाव होते.

घाव जुने नव्हते. प्रत्येकात पांढरी भुकटी होती, बोट फिरवलं की बोटाला लागत होती. जन्मापासून उजेड न बघितलेल्या त्या बाजूवर कुणीतरी खालून वर छिन्नी चालवत आलं होतं. त्याहून वाईट म्हणजे घावांचा कल. उजव्या हाताच्या माणसाचे घाव एका अंगाला झुकतात, डावऱ्याचे दुसऱ्या. हे डावऱ्याचे होते. आत शिरताना किंचित वळलेले, शेवटी एक हलका झटका. असं काम करणारा एकच गडी मष्णूनं उभ्या आयुष्यात पाहिला होता.

भरमा.

अकरा वर्षांपूर्वी खानापूरच्या बाजूला एका शेतात ते दोघं विहीर खोदत होते. भरमा खाली, मष्णू यारीवर. आठवडाभर पाऊस लागून राहिलेला. सकाळी दहाला मुरमाची एक बाजू सुटली आणि भरमा खाली गाडला गेला. तालुक्याहून गाडी आली. दोर, फळ्या, माणसं, सगळं आलं. पण काठाला भेगा पडत होत्या. खाली एकाच माणसाला सोडता आलं असतं, आणि त्या विहिरीची जाण असलेला माणूस एकच होता. गाडीबरोबर आलेल्या साहेबानं सगळ्यांना गप्प केलं आणि मष्णूला विचारलं, "तुमचा कान तयार आहे. खालून काही ऐकू येतंय?"

येत होतं. दोन ठोके. मग गप्प. पुन्हा दोन. ओढ. ओढ.

मष्णूनं पायाजवळची भेग बघितली. ती मघापेक्षा रुंद झाली होती.

"न्हाय सायेब," तो म्हणाला. "काय बी न्हाय."

दोन दिवसांनी मशीन लावून भरमाचा मुडदा बाहेर काढला. त्यानंतर मष्णू कधी यारीवर बसला नाही. प्रत्येक कामावर तोच खाली उतरायचा. लोक म्हणायचे, काय छाती आहे म्हाताऱ्याची! खरं कारण वेगळंच होतं. आपण काठावर असताना खालून कुणी ठोका द्यावा, हे त्याला सोसलं नसतं.

ती शिळा त्यानं वर पाठवली नाही. पालथी करून ठेवली, काम थांबवलं आणि गुरुवारी सकाळच्या एसटीनं बेळगाव गाठलं.

भरमाची बायको राजाबाई खासबागेत राहत होती. एका विणकराच्या घरी कांड्या भरायची. मागल्या खोलीत मागांची खडखड चाललेली. मष्णूला दारात बघून तिनं चरखा थांबवला नाही.

"या भावजी. लई वर्सांनी."

तो उंबऱ्यावरच बसला. सारी वाट त्यानं शब्द जुळवले होते. 

"वैनी, त्या दिशी सायबानं इचारलं, तवा मी खोटं बोललो. भरमाचं ठोकं येत हुतं."

चरखा फिरत राहिला.

"कवापातूर येत हुतं?" तिनं विचारलं.

"दिवस मावळंपातूर."

"न्हाय," राजाबाई म्हणाली. "त्याच्या बी फुडं. तुमी घरला गेलासा. मी तितंच बसून हुते."

मष्णूनं वर बघितलं. आता तिनं चरखा थांबवला होता.

"मग तुमी का न्हाय बोललासा?"

तिनं डाव्या हातातल्या बांगड्या वर सारल्या. मनगटाचं हाड एका बाजूला वाकडं जुळलं होतं.

"आदल्या दिशी त्यानंच मोडलं हे. तुमी न्हाय म्हणालासा, आन् माझ्या मनात आलं, बरं झालं. येवढंच आलं बगा मनात." तिनं बांगड्या परत खाली सारल्या. "त्याला वाटत आसंल, तुमी यारीपाशीच हायसा."

मष्णूनं तिला शिळेचं सांगितलं. घाव कसे होते तेही सांगितलं. तिला हसू आलं नाही, की भीतीही वाटली नाही. एखादा पाहुणा कुठवर आला ते विचारावं तसं तिनं विचारलं,

"आता किती ऱ्हायलंय?"

"हातभर आसंल."

"मग जावा तुमी," ती म्हणाली. "आन् काय झालं ते मला सांगाया येऊ नगासा."

शुक्रवारी तो रानात पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. यारी बंद होती. नागोजी विहिरीपासून लांब, चिंचेखाली बसला होता. चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं रं?"

"आण्णा, तुमी सकाळी आलतासा काय?"

"आत्ता येतोय न्हवं."

नागोजीनं विहिरीकडं बोट केलं. "मी नवाला आलो, तर बकेट खाली गेलेली. मला वाटलं, तुमी लवकर येऊन दोराला धरून उतरलासा. तेवढ्यात दोन ठोकं आलं. मी वडली. मग वाकून हाक मारली, तर खाली कोन न्हाय."

काठावर बकेट टेकलेली होती. फुटक्या खडकानं काठोकाठ भरलेली. मष्णूनं एक कपची उचलली. ती ओली होती. त्याच्या बोटांवरून पाणी ओघळलं.

नागोजी मागून म्हणाला, "सुबरावास्नी फोन करूया. चार मानसं येऊं देत."

मष्णू पुढं झाला. काठाला उभा राहिला आणि ऐकू लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो काठावर मुद्दाम ऐकत होता.

खालून दोन ठोके आले.

नागोजीनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

"ऐकलंस?" मष्णूनं विचारलं.

"न्हाय आण्णा," नागोजी घाईघाईनं म्हणाला. "काय बी न्हाय."

मष्णू त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं बकेट स्वतःच ओणवी केली, रिकामी केली आणि तिच्यात पाय ठेवला.

"इंजान चालू कर."

"आण्णा, नगं."

"सोड मला खाली."

यारी धडधडली. काठ वर गेला. मुरूम वर गेला. काळा खडक सुरू झाला, आणि त्याबरोबर गारवा.

पुन्हा दोन ठोके. आता जवळून.

"आलो रं," मष्णू म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

दोराला पीळ असतो. माणूस खाली सोडला की बकेट गरगर फिरते, डोकं भिंतीला आपटतं. म्हणून बकेटीच्या बुडाला एक बारका दोर बांधतात, आणि खाली उभा असलेला गडी तो धरून ठेवतो.

मष्णूनं वाकून बघितलं. तळाला घोटाभर पाणी साचलं होतं आणि त्यात आभाळाचा गोल तुकडा होता. माणूस नव्हता.

बारका दोर सरळ खाली गेला होता, ताणलेला. बकेट फिरत नव्हती.