चौथा खिळा

माघातील त्या सकाळी धुके अजून पुरते विरले नव्हते. आदिलाबादच्या वेशीवरील नालबंदी प्रशिक्षण केंद्राच्या फाटकात एक शुभ्र घोडी आडवी उभी होती. तामसीहून पहिल्या बसने आलेली प्रगती तिच्या श्वासाच्या उष्ण वाफेपाशी येऊन थबकली.

“नालबंद आले नाईत का अजून?” घोडीच्या मानेआडून एका तरुणाने विचारले.

“आले हायत.”

“कुठं हायत?”

“तुमच्यासमोर.”

तरुण हसला, मग तिच्या हातातील चामडी ॲप्रन आणि हातोडी पाहून ओशाळला. “माफ करा, जी. मी हर्षदीप. ही सायली, वरातीची घोडी. इच्या पाठीवर बसून लई जणांचे लग्नं लागले.”

“आन् तुमचं?”

शब्द ओठांवरून निसटला आणि प्रगतीचे कान तापले.

“मी लगाम धरून पुढं चालतो, जी. लगाम धरणाऱ्याकडं कोन पाह्यते?”

प्रगतीने पाहिले... आणि त्वरित दृष्टी खुरांकडे वळवली.

त्याच दिवशी तिची अंतिम परीक्षा होती, आणि तिच्या वाट्याला सायलीचा पुढचा उजवा पाय आला. मुलीने नाल ठोकावेत हे तिच्या आईला, ताराबाईंना, मुळीच रुचले नव्हते. ‘या खेपेस उत्तीर्ण झालीस तर ठीक, नाहीतर घरी बस,’ असे त्यांनी स्पष्ट बजावले होते, आणि पाळीची वाट पाहताना तिने हे हर्षदीपलाही सांगून टाकले होते. त्यामुळे हातोडी उचलण्यापूर्वी प्रगतीने सगळे खिळे पुन्हा एकदा मोजून पाहिले.

तीन खिळे निर्विघ्न बसले. चौथ्याच्या वेळी सायलीने पाय किंचित मागे ओढला. प्रगतीने तो गुडघ्यांत अधिकच घट्ट आवळला आणि घाव घातला. तिचे वडील देवाजी आठवडी बाजारात बैलांच्या खुरांना पत्री, म्हणजे लोखंडी नाल, मारीत. बैलाला जमिनीवर पाडून, चारही पाय दोरांनी बांधून ते काम चाले. बैलाने हिसडा दिला तरी हातोडी थांबत नसे. तो संस्कार तिच्या हातांत बालपणापासून मुरला होता. उभ्या घोड्याची कुरकूर मात्र ऐकावी लागते...

हे तिला घाव घातल्यावर आठवले.

“आज काही सांगता येणार नाही,” वृद्ध प्रशिक्षक सुधाकरराव म्हणाले. “खिळा खुरातल्या जिवंत भागाला लागला असेल, तर ते एक-दोन दिवसांनी कळेल. परवा घोडी घेऊन या. सरळ चालली, तर प्रमाणपत्र.”

दुसऱ्या दिवशी प्रगतीने हर्षदीपला फोन केला.

“सायली कशी हाय?”

“चांगली हाय. तुमी जेवल्या का?”

“मी घोडीचं इचारून राह्यली.”

“मी तुमचं इचारून राह्यलो.”

ती हसली. “पाय नीट टेकते ना?”

“टेकते... टेकते जी.”

त्या दोनदा म्हटलेल्या ‘टेकते’ने तिची झोप हिरावून घेतली.

ठरल्या दिवशी हर्षदीप आला, तो रस्ता सोडून शेजारच्या नांगरलेल्या काळ्या रानातून. सायली संथपणे चालत होती. सुधाकररावांनी समाधानाने मान डोलावली आणि सहीसाठी ते कार्यालयाकडे वळले.

“सर, थांबा.” प्रगती आडवी आली. “हर्षदीपजी, तिला डांबरावर घ्या.”

“काऊन? मातीत चांगली चालून राह्यली.”

“मऊ मातीत दुखरा पायबी चांगलाच चालते. काल आमच्या तामसीच्या वरातीत तिला काऊन नाई आणली?”

“नवरदेव लई जाड होता...”

प्रगती हसली नाही. हर्षदीपची नजर खाली झुकली. त्याने लगाम वळवला. डांबरावर उजवा पाय टेकताच सायलीची मान झटक्याने वर गेली. पुढच्या पावलाला पुन्हा तेच.

प्रगतीने तो पाय मांडीवर घेतला. खूर तापला होता. सांडशीने उपटलेल्या चौथ्या खिळ्याचे टोक ओलसर, काळपट होते. तिने नाल उतरवला, जखम धुतली, औषध लावले. आणि मगच मान वर केली.

“कवापासून लंगडते?”

“परवा सांजेपासून.”

“माह्या कागदासाठी या मुक्या जिवाला दुखत ठेवलं तुमी?”

“कागदासाठी नाई, जी...” तो अडखळला. “तुमच्यासाठी. तुमी घरी बसल्या असत्या, तर मी तुमाला कुठं पाह्यलं असतं?”

इतका वेळ आवरलेले अश्रू आता तिच्या पापण्यांवर आले. ते क्रोधाचे होते की अन्य कशाचे, हे तिलाही उमगेना.

सुधाकररावांनी खिळा तळहातावर घेऊन पाहिला. “पाय ओढला होता ना तिनं?”

“हो सर. बाबा बैल बांधून ठोकतात. मला वाटलं, चाळा करून राह्यली.”

“या तुकडीत पास नाही करू शकत, बाळ. पुढच्या तुकडीत तुझी जागा मात्र मी राखून ठेवतो.” आणि ते हळूहळू कार्यालयाकडे निघून गेले.

प्रगती सायलीच्या खुरावर पट्टी गुंडाळू लागली. पुढच्या तुकडीला आई येऊ देईल का?

“रोज पट्टी बदलावी लागंल,” ती खाली पाहतच म्हणाली.

“मी रोज आणतो तिला.”

“चालवायची नाई तिला. मीच येतो तुमच्याकडं.”

हर्षदीपचा हात सायलीच्या आयाळीत थांबला. “आमच्या घरी...? लोक इचारतील, जी.”

“लोकांना काईबी सांगा.” तिने पट्टीची गाठ आवळली. “तुमच्या आईला मात्र खरं सांगा.”

“आन् तुमच्या आईला?”

“तिला मी आजच सांगतो. पहिले नापास झाल्याचं...” तिने एक दीर्घ श्वास घेतला. “मग दुसरं... तुमचं.”