आमेन झाल्यावरही

वाघीण रस्त्याच्या मधोमध बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. पोंभुर्ण्याच्या अलीकडे, सागाच्या वळणावर, दोन्ही बाजूंच्या गाड्या लांबच थांबल्या होत्या. वनरक्षकाने सगळ्यांना इंजिनं बंद करायला लावली होती. मी आरोग्य केंद्रातली नर्स, ड्युटी संपवून घरी निघालेली, स्कूटीवर बसून सारखी घड्याळ बघत होते. बाबांची शुगरची गोळी राहिली असणार. नाहीतर गॅस पेटवायला जाऊन हात भाजून घेतला असणार. नाहीतर उपाशीच झोपले असणार... आई गेल्यापासून माझं डोकं असंच चालायचं. एक काळजी बाहेर पडली की दुसरी उंबऱ्यावर उभीच.

"घड्याळ पाहून ते उठत नाई, सिस्टर."

शेजारी मोटरसायकलवर एक तरुण बसला होता. मागे दोरीने बांधलेले पाइप, गळ्यात छोटासा लाकडी क्रूस आणि हातात उकडलेल्या शिंगाड्यांचा पुडा. त्याने पुडा माझ्यापुढे धरला.

"घ्या. वाघिणीले नाई विचारलं, तुमाले विचारून राह्यलो."

मला हसायचं नव्हतं. हसले.

"तुमाले घाई नाई का?"

"आहे ना. पण तिले सांगाले कोण जाते?"

वाघीण उठली तोवर पुडा रिकामा झाला होता आणि त्याचं नाव मला कळलं होतं – रोशन. अहेरीकडचा. शेतांमध्ये सौरपंप बसवायच्या कामावर आलेला.

रविवारी उपासनेला गेले, तर हा आमच्याच चर्चमध्ये, पुरुषांच्या बाजूला, मांडीवर ढोलकी घेऊन बसलेला.

"तुमी इथी?" उपासना सुटल्यावर बाहेर चपला घालता घालता मी विचारलं.

"देवानं बोलावलं."

"अन् ढोलकी?"

"ते म्या आणली. देवाले सारंच काऊन सांगाचं?"

त्या दिवशी गाणं चांगलं रंगलं होतं. फक्त मी मान वर केली की ढोलकीचा ठेका चुकायचा. घरी जाताना बाबा म्हणाले, "पोरगा चांगला आहे, पण ताल काऊन सोडून राह्यला?" माझे कान गरम झाले.

मग थंडीचे पहिले काही आठवडे असेच गेले... ड्युटीवरून येताना तळ्याच्या पाळीवर तो हमखास भेटायचा. पंपाचं काम तळ्याच्या त्या टोकाला असायचं, हा या टोकाला कसा, हे मी विचारलं नाही. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, तेही कळलं नाही. मी बोलत राहायची – बाबांची शुगर, घराचं गळकं छप्पर, आलेली स्थळं मी कशी परत पाठवली. तो ऐकायचा आणि मध्येच चिडवायचा.

"पाळक साहेबांनी सांगतलं ना, चिंता प्रभूवर टाक म्हणून?"

"टाकतो ना मी. रोज टाकतो," मी म्हटलं.

"हाव, टाकते. अन् घरी जाताना उचलून नेते."

राग आला मला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

नाताळच्या आधी त्याचं इथलं काम संपलं. पुढचं काम सिरोंच्याला होतं, पार गोदावरीकाठी. पाळीवर त्या संध्याकाळी त्याने चिडवलं नाही. पाण्याकडे बघत म्हणाला, "दिव्यानी... मले तू पाहिजे. लग्न करून संग येशीन?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण बाहेर निघालं ते वेगळंच. "बाबाचं काय?"

"मी विचारू त्याईले?"

"नको. ते जा म्हणतीन. अन् मंग एकटेच उपाशी बसतीन."

"मंग प्रार्थना कर," तो एवढंच म्हणाला. "मी बी करतो."

गुरुवारची प्रार्थना आमच्या चर्चच्या मंडळीत घरोघरी फिरते. त्या गुरुवारी ती आमच्या अंगणात होती, आणि सिरोंच्याला जायच्या आधी रोशनही ढोलकी घेऊन आला होता. आमच्याकडे रीत अशी की शेवटी सगळे डोळे मिटतात आणि एकाच वेळी, मोठ्याने, आपापली प्रार्थना करतात. त्या गलक्यात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. मग पाळक साहेब खणखणीत 'आमेन' म्हणतात आणि सगळे थांबतात. मनातलं उघड बोलायला त्या गलक्याइतकी सुरक्षित जागा नाही.

पण पाळक साहेबांना सर्दी झाली होती आणि घसा पार बसला होता. त्यांचं आमेन पुढच्या दोन रांगांपलीकडे गेलंच नाही. पुढचे थांबले, त्यांचं बघून मधले थांबले. मी सगळ्यात मागे, कुंपणाजवळ, डोळे घट्ट मिटून बसलेली; माझी एकटीचीच मोठ्याने चालू राहिली.

"प्रभू, मी थकली आता. मले रोशन आवडते, लय आवडते. मले त्याच्यासंग जाऊ दे. पण माह्या बाबाची भाकर कोण टाकन? गोळी कोण देईन? मले काही सुचून नाई राह्यलं, तूच सांग..."

"भाकर मी टाकीन ना, पोरी."

आवाज कुंपणापलीकडून आला. मी डोळे उघडले. सगळं अंगण चिडीचूप, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळलेल्या. कुंपणापलीकडे शेजारच्या भागीरथाबाई मासे साफ करत बसल्या होत्या. त्या काही आमच्या मंडळीतल्या नव्हेत, त्यांचं घर तळ्यातल्या मासोळीवर चालतं.

"माह्या घरी इतक्या भाकरी होते, त्यात दोन जास्त," त्या म्हणाल्या. "येवढ्यासाठी पोरगी रडून राह्यली."

पुरुषांच्या बाजूने मंडळीतले देवाजीभाऊ खाकरले. "गोळीचं मी पाहतो. मी बी शुगरवालाच आहो. दोघं संगंच खात जाऊ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोशनकडे बघायची हिंमत नव्हती. मी बाबांकडे बघितलं. ते उभे राहिले.

"आमेन," बाबा म्हणाले. इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, मी बी रोज हेच मागून राह्यलो होतो. माह्या भाकरीपायी तुयं लग्न राहते म्हणून मले घास गोड लागत नोयता."

मी तशीच उठून त्यांच्या गळ्यात पडले. इतके दिवस मी देवाला सगळं सांगत होते, पण त्याने ते कोणाच्या हातून करावं म्हटलं तर मी कोणाला जवळच येऊ देत नव्हते. कुंपणापलीकडे इतकी माया बसली होती आणि मी तिला एकदाही काही मागितलं नव्हतं. मी रडत होते, आणि फार फार सुखात होते.

चहा आला, लोक हसायला-बोलायला लागले. रोशन मात्र जागेवरच बसून होता. मांडीवर ढोलकी, डोळे मिटलेले, कान लालभडक. मी त्याच्यासमोर जाऊन बसले.

"आमेन झालं," मी हळूच म्हटलं.

"ऐकलं मी."

"मंग डोळे उघड ना."

"माही प्रार्थना चालू आहे."

"आता अजून काय मागून राह्यला?"

त्याने एक डोळा किलकिला केला. तो डोळा भरलेला होता.

"मागणं झालं. आता धन्यवाद देऊन राह्यलो... लय आहे वो, बस जराशी."

मी बसले. आणि त्याच्यासमोर, सगळ्यांच्या देखत, डोळे मिटले.